तात्यांचा हात

लंडनच्या जेम्स पार्किन्सननं १८१७ साली कंपवातावर निबंध लिहिला, तो अवघ्या सहा रुग्णांवर. त्यांतले काही तर त्यानं नुसते रस्त्यात पाहिलेले! उचगावला याचं नवल वाटणार नाही. आमच्याकडेही रोगाची निदानं कट्ट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघूनच होतात. फरक एवढाच, की पार्किन्सन बघून झाल्यावर विचारही करत असे.

आमच्या तात्यांचा उजवा हात मांडीवर ठेवला की थरथरायचा. बोटं अशी फिरायची, जणू तंबाखू मळताहेत. पण कपबशी उचलली की हात शहाण्यासारखा गप्प! कट्ट्यानं निकाल दिला, "सोंग हाय. चा पिताना बरा थांबतोय?" तेव्हापासून तात्या हात खिशात घालून हिंडू लागले.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी त्यांना १०० मधून सात-सात वजा करायला लावलं. (या परीक्षेत मी तर धडधाकट असूनही थरथरलो असतो.) मन असं दुसरीकडे गुंतलं, की मनातून उठलेला कंप बहुधा मंदावतो. तोही सोंग नसतो, बरं का! पण तात्यांचा हात ९३ लाच दुप्पट हलू लागला.

"पार्किन्सन," डॉक्टर म्हणाले. "मेंदूत डोपामीन कमी पडतंय. हात स्वस्थ असला की हलतो, कामाला लागला की थांबतो. हीच तर खूण!"

म्हणजे कट्ट्याचा पुरावा बिनचूक होता, निकाल तेवढा उलटा.

तात्या आता गोळ्या घेतात आणि हात उघड्यावर ठेवतात. परवा एकानं तंबाखूची पुडी पुढं केली, "तात्या, हात हलतोयच, तेवढी मळा की!"

"मळली असती," तात्या म्हणाले, "पण काम दिलं की थांबतोय बघ त्यो."