शरीराचा जमाखर्च

‘स्वस्थ’ हा शब्द आम्ही दिवसांतून किती वेळां उच्चारतों याची गणती नाहीं. ‘स्वस्थ बसा’ असें आपण मुलांस सांगतों, आणि प्रकृति ठीक असलेल्या माणसासही स्वस्थच म्हणतों. त्यामुळें स्वास्थ्य म्हणजे एक प्रकारची निश्चलता, आंत कसलीही गडबड नसणें, अशी आपली समजूत होऊन बसते. शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘स्वतःच्या ठिकाणीं असलेला’ एवढाच आहे. आणि स्वतःच्या ठिकाणीं राहण्यासाठीं शरीरास अहोरात्र केवढी धांवपळ करावी लागते हें पाहिलें म्हणजे निश्चलतेची ती कल्पना पार नाहींशी होते.

आम्ही देहूरोडचे रहिवासी. इकडील पुष्कळ मंडळी सकाळीं घोरावडेश्वराचा डोंगर चढावयास जातात. पन्नाशी उलटल्यापासून त्यांत आमचीही भर पडली आहे. वरच्या कोरीव लेण्यांपाशीं पोंचेपर्यंत छाती भात्याप्रमाणें वर-खालीं होऊं लागते आणि सदरा घामानें भिजतो. हीं वार्धक्याचीं चिन्हें समजून आम्ही कुरकुरतों. वस्तुतः तो शरीराचा चोख कारभार असतो. स्नायूंनीं उष्णता निर्माण केली. तिची वर्दी मेंदूच्या तळाशीं असलेल्या बदामाएवढ्या केंद्रास पोंचली. त्यानें कातडींतल्या रक्तवाहिन्या रुंद करविल्या आणि घर्मग्रंथींस कामास लावलें. एक लिटर घाम वाळतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणून चढ कितीही उभा असला, तरी आंतील उष्णतामान ३७ अंशांपासून फारसें दूर जात नाहीं. मात्र घाम वाळला पाहिजे. ज्येष्ठ वद्यांत तुकोबांची पालखी देहूहून निघते तेव्हां हवा दमट झालेली असते, घाम वाळण्याऐवजीं नुसता ठिबकतो. आणि ऊन फारसें नसतांही वारकऱ्यांस पाण्याची व विसाव्याची गरज भासते, ती यामुळेंच.

क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत असें प्रतिपादिलें कीं, आपल्या पेशी बाहेरच्या हवेंत राहत नसून शरीरांतील द्रवांत राहतात, आणि तें आंतील वातावरण स्थिर राखणें ही स्वतंत्र जीवनाची अटच आहे. पुढें १९२६ सालीं वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञानें या व्यवस्थेस ‘होमिओस्टॅसिस’ हें नांव दिलें. आपण तिला जमाखर्चाचा मेळ म्हणूं. साखरेचेंच उदाहरण घ्या. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तांत मिळून उपाशीपोटीं साखर असते ती अवघी चहाच्या चमचाभर. जेवण झालें कीं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतें, आणि वाढलेली साखर यकृतांत व स्नायूंत जमा होते. डोंगर चढतांना ती खर्चीं पडूं लागली कीं ग्लुकॅगॉनच्या हुकमानें यकृत आपली कोठी उघडतें. भरल्या ताटाचें जेवण होवो कीं एकादशीचा कडक उपवास घडो, थोड्या वेळांत शिल्लक पुन्हां त्याच चमच्याच्या आसपास येते.

एवढा चोख कारभार असतां तो बिघडतो कां? आमचे एक सहाध्यापक अंगानें काटकुळे आणि स्वभावानें मिताहारी. त्यांस मधुमेह असल्याचें कळलें तेव्हां आमच्या मंडळांत सर्वांनींच नवल केलें. पोट सुटलेल्या आम्हां दोघांतिघांस सोडून त्या रोगानें नेमकें त्यांसच कां गांठावें? या कोड्याचा मागोवा आमच्या शेजारींच, पुण्यास, घेतला गेला आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचें शेजारीं-शेजारीं उभें असलेलें छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाही २२.३, परंतु शरीरांतील मेदाचें प्रमाण युडकिन यांचें ९.१ टक्के, तर याज्ञिकांचें २१.२ टक्के! दिसण्यांत बारीक आणि आंतून मेदस्वी, ही आपल्याकडील पुष्कळांची ठेवण आहे. आणि असा मेद, विशेषतः पोटांतला, इन्सुलिनचा हुकूम चालूं देत नाहीं.

ही ठेवण येते कोठून? १९९३ सालीं याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांच्या आहाराचा व त्यांच्या मुलांच्या वाढीचा अभ्यास आरंभिला. तेथील बालकांचें जन्माच्या वेळचें वजन सरासरीनें सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें सुमारें ३.५ किलो. परंतु वजन एवढें कमी असूनही या बालकांच्या अंगावरील मेद त्या मानानें राखलेला होता. तूट आली होती ती मुख्यतः स्नायूंत व पोटांतील इंद्रियांत. अपुऱ्या रसदीवर वाढणारा गर्भ आधीं मेंदूची सोय पाहतो, पुढच्या टंचाईसाठीं थोडा मेद बाजूस ठेवतो आणि काटकसर करतो ती स्नायूंत, असा याचा अर्थ लावतात. दुष्काळांत ही काटकसर कामास येईल. परंतु पुढें सुबत्ता आली, कीं जमा वाढते, आणि ती घेणारी स्नायूंची कोठी मात्र लहानच राहिलेली असते.

आमच्या भागांत ही सुबत्ता एका पिढींत आली. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत शेतांच्या जागीं कारखाने उभे राहिले. आजा नांगरामागें चालला. नातू कंपनीच्या बसमधून जातो, आणि त्याच्या जेवणाची व झोंपेची वेळ सूर्यावर नव्हे, पाळीवर ठरते. शरीराची हिशेबवही मात्र आजाच्याच काळची आहे. नातवास आळशी किंवा खादाड म्हणून मोकळें होणें हा आम्हांस अन्याय वाटतो. त्याच्या रोगाचीं कांहीं कलमें तो जन्मण्यापूर्वींच लिहिलीं गेलेलीं असतात.

तीं कलमें कोणाच्या ताटांत लिहिलीं गेलीं, हा प्रश्न आमच्यासारख्या सुशिक्षित घरांनीं टाळूं नये. आमच्या मातोश्री सर्वांचीं पानें उठल्यावर उरलेंसुरलें घेऊन बसत, आणि त्यांत आम्हां कोणास कांहीं वावगें दिसत नसे. तो त्यांचा सोशिकपणा म्हणून आम्ही त्याची वाखाणणीच करीत असूं. त्या सहा खेड्यांतील अभ्यासांत असें आढळलें कीं, गर्भारपणांत ज्या स्त्रियांच्या खाण्यांत दूध, फळें व पालेभाज्या अधिक वेळां आल्या, त्यांचीं बालकें जन्मतः अधिक भरलेलीं होतीं. औषधाच्या दुकानांत मिळणारी ही गोष्ट नव्हे. स्वयंपाकघरांत वाढावयाची आहे. वडीलधाऱ्यांची साखर वेळोवेळीं तपासावी, डोंगरही चढावा. स्नायूंची कोठी उतारवयांतही थोडीबहुत वाढवितां येते. परंतु घरांतील वयांत येणाऱ्या मुलीस आणि नव्या सुनेस पहिल्या पंक्तीस बसवून पोटभर वाढणें, हा पुढच्या पिढीच्या मधुमेहावरचा उपाय आजच करण्याजोगा आहे, आणि त्यास वैद्याची चिठी लागत नाहीं.