रामटेकची वाट

नागपूरच्या उन्हाळ्याची कीर्ती मुंबई-पुण्यापर्यंत पोचलेली आहे. येथील थंडीविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस पारा ३.५ अंशांवर उतरला होता असे सांगितले, तर पुण्याचे पाहुणे आम्हांलाच वेड्यात काढतात. या थंडीत भल्या पहाटे मोटारसायकल काढून रामटेक गाठावे, हा माझा जुना नाद. गाडी वडिलांच्या वेळची, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असलेली. मराठीच्या प्राध्यापकाने यंत्राच्या वाटेस जाऊ नये हे खरे. पण गेल्या मार्गशीर्षात जे शिकलो, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

एका रविवारी आम्ही निघालो. सौ. मागे बसली होती. गाडी रात्रभर अंगणात दव खात उभी होती. गल्लीच्या तोंडाशीच दूधवाल्याची सायकल आडवी आली. मी पुढचा ब्रेक दाबला, आणि एरवी मऊपणे धरणारा तो ब्रेक असा कचकन आवळला, की चाक जागीच अडकून ओल्या रस्त्यावरून घसरले. आम्ही दोघेही खाली! वेग बैलगाडीचा, म्हणून निभावले, सौ.चा गुडघा तेवढा सोलवटला. उठता उठता ती म्हणाली, "थांबायलाही काही रीत असते. वर्गात व्याख्यान असंच संपवता का?"

त्यावर मजजवळ उत्तर नव्हते. गेले वर्षभर मी टाकी पुसली, आरसा पुसला, भोंगासुद्धा नवा बसवला. ब्रेक उघडून पाहिले नव्हते.

महालातल्या मिस्त्रीने चाक उतरवले. पावसाळ्यातला चिखल लायनरच्या भुकटीत मिसळून वाळला होता. लायनर रेटणाऱ्या कॅमवरचे जुने ग्रीस थंडीने थिजले होते, आणि ब्रेकची तार कोरडी पडली होती. शिवाय दवाने ड्रमच्या आतल्या लोखंडावर गंजाचा पातळ थर धरला होता. सकाळच्या पहिल्याच दाबाला लायनर त्याला घट्ट पकडतो. मिस्त्रीने भुकटी फुंकली नाही, ओल्या फडक्याने टिपून घेतली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांचा घात करते. मग कॅमला बोटभर ग्रीस, लायनरला मात्र एक थेंबही नाही, तारेला तेल, आणि चाक मोकळे फिरेल, पण दांडी थोडी ओढताच ब्रेक लागेल, इतपत ताण.

"सर," हात पुसत तो म्हणाला, "गाडी पयवता तं साऱ्याइलेच येते. सकायी निंगाले का पयले दोन-चार डाव हळूहळू ब्रेक दाबून पाहत जा. त्याची झोप उडू द्या, मंग रस्त्याले लागा."

नव्या गाड्यांना डिस्क ब्रेक असतात, त्यांनाही हा उपदेश लागू आहे. त्यांचे ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते.

पुढच्या रविवारी पुन्हा निघालो. सौ. बसेल की नाही, अशी शंका होती; पण ती शिरस्त्राण घालून माझ्याआधी फाटकाशी उभी! गल्लीतच ब्रेकची झोप उडवली. कामठी मागे पडली. कन्हानच्या पुलावर धुके इतके, की नदी नुसती ओलाव्यावरून ओळखावी. मनसरला वळलो. पुढे धानाचा मुलूख. एकाएकी धुक्यातून तणसाने लादलेली एक ट्रॉली समोर उभी ठाकली. मागे दिवा नाही, रस्त्यावर तणीस सांडलेले. दोन्ही ब्रेक मिळून, बेताबेताने दाबले. गाडी हातभर अंतर राखून थांबली. सौ.ने माझ्या खांद्यावरचा हात बराच वेळ काढला नाही. मीही गाडी पुन्हा सुरू करण्याची घाई केली नाही.

गडावर ऊन कोवळे होते. खाली अंबाळा तलाव धुक्यातून हळूहळू वर येत होता. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे साधार प्रतिपादिले आहे. मेघदूत वर्गात शिकवताना कधी लक्षात आले नव्हते, ते येथे आले: यक्षाला अलकेची एवढी घाई, तरी मेघाला तो वाटेत कोठे कोठे विसावायचे, हे बजावून सांगतो!

उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली. उतारावर इंजिनाने गाडी आवरावी, ब्रेक मधूनमधून लावावा. सतत दाबून धरला तर ड्रम तापतो आणि पकड सुटते. पायथ्याशी तर्री-पोह्यांची वाफ दिसली. "इथे थांबा," सौ. म्हणाली.

थांबलो, अगदी रीतीने.