रंगाआधीची मशागत

उन्हाळी कांदा काढून झाला, तसा आमच्या जुन्या ४०७ च्या मागं लागलोय. टाटाने हे मॉडेल १९८६ ला आणलं. आमच्या दारात आलं तेव्हा मी नुकताच दहावी झालो होतो. इंजिन अजून दमदार आहे, पत्रा मात्र गंजलाय. थोरला म्हणतो, भंगारात द्या.

रंग मारायला दोन दिवस लागतात, त्याआधीचं काम महिनाभराचं. फुगलेला रंग पट्टीनं खरवडायचा, गंज तारेच्या ब्रशनं काढायचा, मग ८० नंबरचा पेपर. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून मास्क लावाच. पत्रा उघडा झाला की थिनरच्या फडक्यानं पुसायचा. त्यावर घामाचा हात लागला की तिथंच परत गंज धरतो. त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारायचं. खड्ड्यात पुट्टी पातळ थरांनी भरायची, जाड थर तडकतो. वाळली की २२० चा पेपर, शेवटी ४०० चा पाणी लावून.

मागच्या फाळक्यावर वडिलांनी पेंटरकडून आजीचं नाव लिहून घेतलं होतं. नेमका त्याखालीच गंज फुगलाय. नाव तसंच राखलं तर पत्रा आरपार जाणार. म्हणून काल ट्रेसिंग पेपरवर अक्षरं गिरवून घेतली आणि पट्टी हातात घेतली. हात काही चालेना. वडील बाजेवरून बघत होते. म्हणाले, "तण ठेवून कुणी पेरतं का? खरवड."

आता पाऊस यायच्या आत रंग बसला पाहिजे, नुसतं रेड ऑक्साइड ओल पितं. नाव त्याच अक्षरात परत लिहायचंय.