३२-३१ ची उजळणी

१ जानेवारी २०२५ ला पॅसाडीनाच्या रोझ बोल मैदानावर ओहायो स्टेट आणि ओरेगन पुन्हा समोरासमोर येतायत, आणि कोलंबसमधल्या आमच्या घरात नाताळच्या सुट्टीत दुसरा विषय नाही. १२ ऑक्टोबर २०२४ ला युजीनमध्ये ओरेगनने आम्हाला ३२-३१ असं हरवलं. एका गुणाने. त्या रात्री वाटलं होतं, ही सल आता वर्षभर बाळगायची. पण कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये २०२४ च्या हंगामापासून चारऐवजी बारा संघ घेतायत. त्यामुळे पुढे मिशिगनकडूनही हरून आम्ही आठव्या मानांकनाने आत आलो, २१ डिसेंबरला घरच्या मैदानावर कडाक्याच्या थंडीत टेनेसीला ४२-१७ असं लोळवलं, आणि उपांत्यपूर्व फेरीत पुढ्यात कोण, तर पहिल्या मानांकनाचा, तेराच्या तेरा सामने जिंकलेला ओरेगन.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाही तर बहुतेक वेळा चेंडू समोरच्यांकडे. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, त्याच्यापुढची पाच धिप्पाड पोरं त्याला दोन-तीन सेकंदांचा अवधी मिळवून देतात, आणि समोरचे तो अवधी हिसकावून घ्यायला तुटून पडतात. प्रत्येक प्रयत्नाआधी खेळ थांबतो. त्या थांब्यातच बघणाराही विचार करायला लागतो. आता काय करतील, मी असते तर काय केलं असतं.

गेल्या आठवड्यात मुलाने आणि मी ऑक्टोबरचा सामना पुन्हा लावला. हरलेला सामना पुन्हा बघणं सोपं नसतं, पण पुन्हा तोच संघ समोर आला की ते टाळून चालत नाही. निकाल माहीत असला की नजर चेंडूवरून सुटते आणि जिथे बघायला हवं तिथे जाते. मी त्या पाच धिप्पाड पोरांकडेच बघत होते. पूर्वार्धात आमचा डावा टॅकल जॉश सिमन्स गुडघा धरून खाली बसला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. क्वार्टरबॅकच्या पाठीमागून येणारा धोका अडवणारा माणूस तो. दुसरीकडे ओरेगनचा क्वार्टरबॅक डिलन गेब्रिएल सबंध सामन्यात एकदाही चेंडूसकट पाडला गेला नाही. एकदाही नाही. जॅक सॉयर आणि जे. टी. तुइमोलोआऊ यांच्यासारखी आमची जोडी दोन्ही टोकांना असताना! त्याला हवा तेवढा वेळ मिळाला आणि इव्हान स्टुअर्टला त्याने लांबलांबचे चेंडू पोचवले. एका गुणाच्या पराभवात माणूस शेवटच्या मिनिटाला दोष देत बसतो. मला मात्र आता वाटतं, सामना गेला तो त्या न मिळालेल्या सॅक्समध्ये, क्वार्टरबॅकला न पाडता येण्यात.

तरीही शेवटची दहा सेकंदं सांगायलाच हवीत, कारण समोरच्या बाजूला कसं डोकं बसलंय ते तिथे दिसतं. आम्ही गुण मिळवण्याच्या टप्प्यात होतो. आमच्या जेरेमाया स्मिथने बचावपटूला ढकलल्याबद्दल दंड झाला आणि पंधरा यार्ड मागे गेलो. घड्याळात दहा सेकंदं उरलेली. पुढच्या प्रयत्नाला ओरेगनने मैदानात अकराऐवजी बारा खेळाडू उतरवले. पास फसला. नियमाप्रमाणे दंड झाला, पाच यार्डांचा. पण त्यात चार सेकंदं गेली ती गेलीच. पाच यार्ड देऊन चार सेकंदं विकत घेतली त्यांनी, आणि एक जादा बचावपटू वापरला तो वेगळाच. उरलेल्या सहा सेकंदांत आमचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड चेंडू घेऊन धावला, घसरत खाली बसला, आणि घड्याळात शून्य. ओरेगनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी नंतर सूचित केलं की ही गोष्ट चुकून झालेली नव्हती. काही दिवसांतच नियमाचा खुलासा आला: शेवटच्या दोन मिनिटांत असं घडलं तर ती सेकंदं घड्याळात परत घालून घेण्याचा हक्क चेंडू असलेल्या संघाला राहील. पळवाट बुजली. ती हुडकणारा माणूस मात्र येत्या बुधवारी, १ जानेवारीलाही तिथेच उभा असणार आहे. मला राग आला होता, पण कौतुकही वाटलं. नियमाचं पुस्तक इतकं बारकाईने वाचणारा प्रतिस्पर्धी लाभणं हाही मान आहे.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे पायाने खेळायच्या फुटबॉलचे संघ एकाच हंगामात या ना त्या स्पर्धेत पुन:पुन्हा भिडायचे, आणि वडील मला घेऊन जायचे. खेळ वेगळा, चेंडू वेगळा, पण पेठेतल्या कट्ट्यावर सामन्याच्या आदल्या रात्री जे चालायचं तेच आज आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालतं. वडील तेव्हा एक गोष्ट नेहमी विचारायचे: गेल्या वेळचं यातलं पुन्हा काय होईल, आणि काय होणार नाही? कोण भारी, हा प्रश्न ते विचारायचेच नाहीत. आज मला वडिलांचाच प्रश्न खरा वाटतो.

कारण हरलेल्याला आपलं काय चुकलं ते दिसतं, निदान दिसायची संधी तरी मिळते. जिंकलेल्याचं तसं नसतं. जे चाललं ते बदलायचं कशासाठी? २०११ च्या हंगामात लुइझियाना स्टेटने (एलएसयू) अलाबामाला नोव्हेंबरमध्ये जादा वेळेत ९-६ असं हरवलं. जानेवारीत विजेतेपदासाठी तेच दोघे आमनेसामने आले, तेव्हा अलाबामाने २१-० असा सामना मारला. एलएसयूला मैदानाची मधली रेघ एकदाच ओलांडता आली. दोन महिन्यांत अलाबामाचा अभ्यास झाला होता, एलएसयूकडे मात्र जुनंच उत्तर होतं.

त्याहून मला छळणारं उदाहरण २०२१ चं आहे. ४ डिसेंबरला अलाबामाने जॉर्जियाला ४१-२४ असं धुतलं. जॉर्जियाचा बचाव देशात सर्वांत भारी मानला जात होता, पण त्या दिवशी अलाबामाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंगला त्यांना एकदाही पाडता आलं नाही. १० जानेवारी २०२२ ला इंडियानापोलिसमध्ये पुन्हा गाठ पडली. या वेळी यंगला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही, आणि जॉर्जिया ३३-१८ ने विजेता ठरला. आधी एकही सॅक नाही, नंतर सारखा दबाव. आमचीही सुरुवात नेमकी तीच आहे, म्हणून हे उदाहरण मी मनाशी घट्ट धरून बसले होते. मग आठवलं, त्या जॉर्जियाच्या बचावाची सूत्रं कुणाकडे होती? डॅन लॅनिंग यांच्याकडेच. ओरेगनने त्यांची नेमणूक जाहीर केलेली असतानाही ते जॉर्जियाबरोबर शेवटपर्यंत थांबले होते. म्हणजे एकही सॅक न मिळालेला संघ महिनाभरात काय काय बदलतो, हे देशात ज्याला सर्वांत नीट ठाऊक आहे, तो माणूस या खेपेला जिंकलेल्या बाजूला आहे. आम्ही काय शिजवत असू, ते त्यांनी स्वतःच्या हाताने शिजवलेलं आहे.

आणि हरलेला शिकतोच असंही नाही. याच लॅनिंग यांचा ओरेगन २०२३ मध्ये वॉशिंग्टनकडून ऑक्टोबरात ३६-३३ असा हरला आणि १ डिसेंबरला लास व्हेगासमध्ये ३४-३१ असा पुन्हा हरला. दोन्ही वेळा तीनच गुणांनी.

आता आमच्याकडचं. त्या पराभवानंतरच्या मोकळ्या आठवड्यात बचावाचे प्रमुख जिम नोल्स यांनी बरीच उलथापालथ केली, हे पुढच्या सामन्यांत उघड दिसलं. कोण अंगावर येणार आणि कोण मागे सरकणार, हे चेंडू हलेपर्यंत कळू द्यायचं नाही, आणि मागचा बचावपटू केलेब डाऊन्सला रेषेच्या जवळ आणून सगळीकडे फिरवायचं. २ नोव्हेंबरला पेन स्टेटविरुद्ध २०-१३ असे जिंकलो, तेव्हा त्यांच्या आक्रमणाला एकही टचडाउन करता आला नाही, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेता आला नाही. चौथ्या सत्रात तर ते गोलरेषेपासून तीन यार्डांवर होते. चारही प्रयत्न अडवले. तो बचाव ऑक्टोबरमधला नव्हता. गेब्रिएल हुशार आहे, अनुभवी आहे, चेंडू झटकन सोडतो. त्याच्या अंगावर माणसं वाढवून धावून जाण्यात अर्थ नाही, तो मोकळी जागा बरोबर शोधेल. चारच जण पाठवावेत, पण कुठले चार हे दर वेळी बदलावं. पहिली नजर जिथे टाकेल तिथे त्याला माणूस दिसला पाहिजे. दुसरी नजर टाकायला लागलेल्या अर्ध्या सेकंदात सॉयर पोचतो.

आक्रमणाबाबत माझी काळजी जास्त आहे. सिमन्सच्या जागी आता डॉनोव्हन जॅक्सन खेळतो. तो मुळात आतल्या बाजूचा गार्ड. हंगामाच्या मध्यावर त्याने बाहेरची जागा घेतली आणि निभावलीही. सेंटर सेथ मॅकलॉफलिनसुद्धा नोव्हेंबरात सरावात जायबंदी झाला. ओरेगनच्या बचावात मात्र जॉर्डन बर्च आहे, जो ऑक्टोबरमध्ये दुखापतीमुळे खेळलाच नव्हता. म्हणजे मी रात्रभर बघत बसले तो सामना, निदान रेषेवर तरी, दोन्हीकडून वेगळ्याच माणसांचा होता. जॅक्सनच्या मदतीला सुरुवातीला एक धावपटू थांबवा आणि पहिले काही पास लवकर सोडा, म्हणजे बर्चचा आवेश ओसरेल. मग स्मिथला लांब पाठवा.

स्मिथला लांब पाठवा, हे मी ३० नोव्हेंबरपासून म्हणतेय. त्या दिवशी मिशिगनविरुद्ध घरच्या मैदानावर आम्ही १३-१० असे हरलो. मध्यातून धावायचं, आपटायचं, पुन्हा मध्यातूनच धावायचं. बाहेर एकोणीस वर्षांचा, देशातला बहुधा सर्वोत्तम रिसीव्हर उभा, त्याच्या बाजूला एमेका एगबुका, आणि चेंडू गर्दीत कोंबला जातोय. त्यानंतरचे तीन आठवडे या गावाने आमचे मुख्य प्रशिक्षक रायन डे यांना जे ऐकवलं, ते मला पटलं नाही. सामन्याच्या योजनेवर कितीही कठोर बोलावं, तो आपला हक्कच आहे. पण माणसाच्या घरापर्यंत जायचं कारण नाही. टेनेसीविरुद्ध मात्र पहिल्याच हल्ल्यापासून चेंडू हवेत होता आणि मिशिगनच्या दिवसाची छायासुद्धा दिसली नाही. २०२४ च्या हंगामात आक्रमणाची सूत्रं चिप केली यांच्याकडे होती. २००९ ते २०१२ या काळात ओरेगनचे मुख्य प्रशिक्षक तेच होते, आणि डे कॉलेजात असताना त्यांच्याच हाताखाली खेळलेले. त्यांच्याकडे कल्पनांची कमी कधीच नव्हती. प्रश्न धिटाईचा आहे. मिशिगनच्या दिवशी जिंकण्यापेक्षा हरू नये म्हणून खेळलो, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

कुणी विचारेल, तुझं ऐकणार कोण? कुणीच नाही, आणि त्याने माझं काही अडत नाही. एवढा विचार केला की सामना निकालापुरता उरत नाही. जॅक्सन पहिल्यांदा बर्चसमोर वाकून उभा राहील तेव्हा त्याचा डावा पाय किती मागे आहे ते मी बघेन. डाऊन्स कुठून निघतो ते बघेन. एरवी कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या त्या पोरांच्या मेहनतीची दाद द्यायची तर आधी ती दिसायला हवी, आणि ती दिसण्यासाठी एवढा खटाटोप लागतोच.

मैदानाचा प्रश्न आहेच. ओरेगनच्या ऑट्झन स्टेडियमवर ऑक्टोबरच्या त्या रात्री साठ हजारांवर माणसं होती, आणि त्या गोंगाटात आमच्या पोरांना खुणा कळत नव्हत्या. रोझ बोल तटस्थ. ओरेगनवाले कमी प्रवासात येतील, तरी आमचा लाल रंगही तिथे कमी नसेल. त्याहून मोठी गोष्ट विश्रांतीची. परिषदेचं, म्हणजे आपल्या विद्यापीठांच्या गटाचं, विजेतेपद मिळवल्याचं बक्षीस म्हणून ओरेगनला पहिली फेरी खेळावी लागली नाही. ७ डिसेंबरला पेन स्टेटला ४५-३७ ने हरवल्यानंतर ते थेट पंचवीस दिवसांनी मैदानात उतरतील. आम्ही अकरा. पंचवीस दिवसांत दुखणी बरी होतात आणि अभ्यासही भरपूर होतो. पण खऱ्या वेगाने अंगावर येणाऱ्या माणसाला अडवण्याची सवय सरावात टिकत नाही. अपराजित संघाला बक्षीस म्हणून पुढ्यात आम्ही यावं, ही मांडणीच मला ओरेगनवर अन्याय करणारी वाटते. मानांकनाचे २०२४ चे नियम बदलायला हवे होते. आता मात्र आहे त्यात खेळायचं.

म्हणून माझा हट्ट नाणेफेकीपाशी येऊन थांबतो. नाणेफेक जिंकली की हल्ली जवळजवळ सगळे प्रशिक्षक चेंडू उत्तरार्धासाठी राखून ठेवतात. मी म्हणते, बुधवारी चेंडू लगेच घ्यावा. त्यांचे पाय मोकळे व्हायच्या आत, पहिल्या चार-पाच प्रयत्नांतच एकदा स्मिथकडे लांब फेकावा. नाही पोचला तरी चालेल. पुढचे तीन तास त्यांचा बचाव दहा पावलं मागे उभा राहील, आणि मग ट्रेव्हियन हेंडरसनला धावायला जागा मिळेल. मुलाला हे मान्य नाही. "आई, आपला बचाव आत्ता फॉर्मात आहे, त्यांनाच आधी येऊ दे अंगावर," असं तो म्हणतो. पहिल्या तीन प्रयत्नांत गेब्रिएलला एकदा आडवा केला की स्टेडियम आपलं, हे त्याचं गणित. चुकीचं नाही ते. पण उत्तरार्धाच्या सुरुवातीला चेंडू हाती असणं म्हणजे मध्यंतरानंतर सावरण्याची सोय. आणि या संघाने सावरण्याची सोय बघत खेळलेलं मी नोव्हेंबरात बघितलंय. आधी चेंडू घ्यावा, आणि तो फेकावा.