व्हाया मनमाड

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पत्त्यापेक्षा वाटेची चर्चा अधिक. शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला म्हणून ज्या वस्तीला ‘लष्कर’ हे नाव मिळाले, तिथे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राहतो. पण नाती अजून दक्षिणेकडे. कुणाची पुण्याला, कुणाची मिरजेला, आमची बेळगावला. त्यामुळे ‘कुठे निघालात?’ याचे उत्तर मिळाले की लगेच दुसरा प्रश्न येतो, ‘व्हाया?’ शिक्षणासाठी बेळगावला आल्यावर संगणकाच्या वर्गात ‘सेगमेंट राउटिंग’ हे प्रकरण निघाले, तेव्हा बाकी मंडळी कपाळाला आठ्या घालून बसली. मला मात्र ते घरचेच वाटले.

मित्रांनो, इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान पॅकेटांत, म्हणजे पाकिटांतच, विभागून जातो. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचे यंत्र असते. ते पाकिटावरचा पत्ता वाचते आणि जवळात जवळच्या वाटेने त्याला पुढे पाठवते. व्यवस्था सरळ आहे. पण सर्वांनाच जवळची वाट दाखवली की तिथे खोळंबा होतो आणि शेजारची थोडी लांबची वाट ओस पडते. यावर एक जुना उपाय म्हणजे वाट आधीच राखून ठेवणे. मात्र मग वाटेतल्या प्रत्येक राउटरला अशा प्रत्येक राखीव वाटेची नोंद सांभाळावी लागते. वाटा हजारोंनी वाढल्या की वह्याही फुगतात.

सेगमेंट राउटिंगने ही वही नाक्यावरून उचलली आणि प्रवाशाच्या खिशात ठेवली. पाकीट जाळ्यात शिरताना पहिलाच राउटर त्यावर टप्प्यांची यादी चढवतो. एक टप्पा म्हणजे एक सेगमेंट, एक आज्ञा. ‘अमुक ठिकाणी पोहोच, मधली वाट जवळची असेल ती घे’ ही एका प्रकारची आज्ञा. ‘इथून अमुक फाट्यानेच बाहेर पड’ ही दुसऱ्या प्रकारची. मधल्या नाक्यांनी फक्त चालू आज्ञा पाळायची. पाकीट कुणाचे, कुठून आले, याची नोंद त्यांनी ठेवायची नाही. या रचनेचे मूळ मानक जुलै २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आमच्या घरी हे १९७५ च्या सुमारासच चालू होते! आजीचे माहेर बेळगावचे. ती एकटी निघाली की आजोबा पोस्टकार्डाच्या पाठीवर चार नावे लिहून देत: इटारसी, मनमाड, मिरज, बेळगाव. इटारसीला चार दिशांच्या लोहमार्गांचा गुंता, म्हणून ते नाव. मिरजेपुढे तेव्हा मीटरगेज, गाडी बदलणे भागच, म्हणून ते नाव. झाशी, बीना, भोपाळ यांचा उल्लेखही नसे. पंजाब मेल मिळाली तर इटारसीला उतरायचे कारण नाही, मद्रासकडची गाडी मिळाली तर उतरायचे. इटारसी गाठल्याशी मतलब. स्टेशन आले की आजी त्या नावावर काट मारी. एमपीएलएस नावाच्या पद्धतीत संपलेला टप्पा यादीतून काढूनच टाकतात. आयपीव्ही ६ मध्ये यादी तशीच राहते आणि पुढचा टप्पा दाखवणारा आकडा तेवढा एकाने कमी होतो. आजी या दुसऱ्या पंथाची.

एका पावसाळ्यात मनमाडहून नगर-दौंडची वाट बंद होती. तिथल्या तिकीटबाबूंनी मिरजेच्या वर पेन्सिलीने ‘कल्याण’ एवढेच लिहिले आणि आजीला मुंबईच्या गाडीत बसवले. कल्याणहून पुणे, पुण्याहून मिरज. ग्वाल्हेरला तार करावी लागली नाही. जाळ्यातली एखादी तार तुटली की तिच्या अलीकडचा राउटर असेच करतो. आधीच काढून ठेवलेल्या आडवाटेचे एक-दोन टप्पे तो यादीवर चढवतो आणि पाकीट सेकंदाच्या अल्पशा भागात वळवतो.

मात्र यादीवर विश्वास कुणाचा ठेवायचा? पाठवणाऱ्याने वाट लिहून देण्याची सोय इंटरनेटच्या १९८१ च्या नियमांतही होती. तिचा उपयोग पहारे चुकवण्यासाठी होऊ लागला, म्हणून बहुतेक जाळ्यांनी तशी पाकिटे अडवली. आयपीव्ही ६ मधली तशीच एक सोय २००७ मध्ये रद्द झाली. म्हणून सेगमेंट राउटिंग आपल्या कुंपणाच्या आतच चालवतात. बाहेरच्याने आणलेली यादी मानत नाहीत. शिवाय यादीला वजन असते. आयपीव्ही ६ मध्ये एक टप्पा साधारणपणे १६ बाइटांचा. दहा टप्पे लिहिले की १६० बाइटांचे ओझे, आणि ते प्रत्येक पाकिटाच्या डोक्यावर.

आणखी एक गोष्ट मला बोचते. यादी पाकीट लिहीत नाही, पहिला राउटर लिहितो. आजीला मी एकदा विचारले, “सगळं आजोबाच ठरवायचे, तुला कधी राग नाही आला?” ती म्हणाली, “नावं त्यांची होती गं. पण मनमाडला कुठल्या गाडीत चढायचं, कुठल्या डब्यात बसायचं, हे मीच ठरवायचे. तिथं विचारायला होतं कोण?”

सध्या लष्करातल्या घरी माझी यादी तयार होत आहे. कोणती परीक्षा, कोणत्या शहरात नोकरी, कोणत्या वर्षी लग्न, स्टेशनन्‌स्टेशन लिहिलेली. बाबांची काळजी खरी आहे, ते परके नव्हेत. पण इतक्या लांब यादीत एक गाडी चुकली की पुढचे सगळे चुकते, आणि ओझे वाहायचे ते मलाच. म्हणून मी त्यांना पत्र लिहिले: यादी छोटी असू द्या, तीन-चार नावांची. ती मी लिहीन, तुम्ही वाचून पाहा. मधली वाट मधल्या माणसांवर आणि माझ्यावर सोडा.

बाबांचे उत्तर अजून आलेले नाही. आजीचा मात्र फोन आला. तिने एवढेच विचारले, “यादीत मनमाड ठेवलंस ना?”