सेटल झाले... आणि तिथेच फसले!

‘काय मग, सेटल कधी होणार?’ पंचविशी ओलांडली की प्रत्येक लग्नात, बारशात आणि गणपतीत हा प्रश्न येतोच. मावशी विचारते, शेजारच्या काकू विचारतात. मी मात्र ऑलरेडी सेटल झालेली होते. फक्त ते मला कळलं जानेवारी २०२४ मध्ये, एका बँकेच्या काचेच्या केबिनमध्ये.

रावेतचा वन बीएचके आम्ही जवळजवळ फायनल केला होता. साखरपुडा झालेला, बिल्डरकडे अकरा हजारांचं टोकन दिलेलं. होम लोन दोघांच्या नावावर घ्यायचं ठरलं होतं. समोरच्या टायवाल्या मुलानं आमचे पॅन नंबर टाइप केले, त्याच्याकडे बघून हसला आणि मग माझ्याकडे बघताना त्याचं हसू जरा आखडलं.

‘सरांचा स्कोअर ७७१ आहे. मॅडम, तुमचा ६१८. एक क्रेडिट कार्ड सेटल्ड दिसतंय, २०२१चं.’

शेजारच्या खुर्चीत माझा होणारा नवरा. त्याला यातलं एक अक्षरही माहीत नव्हतं. एसी चालू असूनही माझ्या कानशिलांवर घाम आला होता.

बाहेर येऊन आम्ही टपरीवर कटिंग घेतला. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘पैशांचं काही नाही गं. पण तू मला तुझ्या शाळेतल्या क्रशपासून सगळं सांगितलंस, आणि हे नाही?’

काय उत्तर देणार? चहा गार झाला.

आता थोडं मागे जाऊ. २०१९. मास कॉमची डिग्री हातात, पुण्यात पहिली नोकरी, पगार चोवीस हजार. मॉलमध्ये जिन्याच्या खाली एक स्टॉल होता. तिथल्या मुलीनं गोड हसून फॉर्म भरून घेतला आणि तीन आठवड्यांत ऐंशी हजारांची लिमिट असलेलं कार्ड दारात! वाईच्या एका मध्यमवर्गीय घरातली मी. आमच्याकडे ‘ऋण काढून सण’ ही शिवी होती. पण कार्ड म्हणजे ऋण थोडंच? ते तर चकचकीत प्लास्टिक. नवा फोन आला, कोलाडचं राफ्टिंग झालं, ऑफिसच्या गँगबरोबर दर शुक्रवारची बिलं मीच स्वाइप करायची. बाकीचे मला कॅश द्यायचे आणि ती कॅशही उडायची.

बिलावर दोन आकडे असतात. एक एकूण रकमेचा आणि दुसरा ‘मिनिमम ड्यू’चा. हा दुसरा आकडा फार लाघवी असतो. साधारण पाच टक्के भरा आणि निवांत राहा! मी निवांत राहिले. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्क्यांनी व्याज लागतं, त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी लागतो, आणि पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, हे कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. दुसऱ्यांच्या कॉपीतल्या चुका काढणारी मी पत्रकार!

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा माझ्या डोक्यावर चौऱ्याहत्तर हजार होते. एप्रिलमध्ये नोकरी गेली. एचआरचा फोन चार मिनिटांत संपला. तेवढ्यात रिझर्व्ह बँकेनं हप्त्यांना मुदत दिली. १ मार्चपासून आधी तीन महिने, मग वाढवून ३१ ऑगस्टपर्यंत. मला वाटलं, चला, सहा महिने सुट्टी! पण सुट्टी हप्त्याला होती, व्याजाला नव्हती. सप्टेंबर उजाडला, काम काही मिळालं नव्हतं आणि फोन सुरू झाले.

ते फोन ज्यांना आलेत त्यांना सांगायला नको. अनोळखी नंबर दिसला की पोटात गोळा यायचा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं. माझे फोन त्याच्या आधीचे. एकदा रात्री साडेनऊला एकानं विचारलं, ‘घरी वडिलांना कळवू का?’ त्या रात्री मी झोपले नाही.

मार्च २०२१ मध्ये आकडा एक लाख सोळा हजारांवर गेला होता. मग एक दिवस फोनवरचा आवाज अचानक प्रेमळ झाला. ‘मॅडम, वन टाइम सेटलमेंट करून टाका. पन्नास हजार भरा, विषय संपला.’ साठवलेले अठरा आणि ताईकडून हातउसने बत्तीस असे पन्नास भरले. पत्र आलं, मी ते डोळ्यांना लावलं आणि पाव किलो पेढे आणले. माझ्या हिशेबानं विषय संपला होता.

तो संपला नव्हता. पूर्ण पैसे भरून खातं मिटलं की रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ लिहिलं जातं. बँकेनं काही रक्कम सोडून देऊन मिटवलं की ‘सेटल्ड’. आपल्याला दोन्ही सारखेच वाटतात, पण पुढच्या बँकेला दुसऱ्याचा अर्थ कळतो तो असा, की या बाईनं एकदा पूर्ण पैसे दिले नव्हते. आणि ही माहिती क्रेडिट ब्युरोंनी किमान सात वर्षं जपून ठेवायची असते.

अमेरिकन सिरियलींत माणसं सरळ कोर्टात जाऊन बँकरप्सी घेतात आणि पुढच्या सीझनमध्ये नव्यानं सुरुवात करतात. आपल्याकडे तशी सोय जवळजवळ नाहीच. दिवाळखोरीचे कायदे आहेत, मुंबईसारख्या शहरांसाठी १९०९चा आणि बाकीच्या भागासाठी १९२०चा. पण क्रेडिट कार्डाचं बिल थकलं म्हणून त्या वाटेनं गेलेलं कुणी माझ्या पाहण्यात नाही. २०१६ मध्ये नवी संहिता आली, पण व्यक्तींसाठीचा तिचा जो भाग २०१९ मध्ये लागू झाला तो कंपन्यांच्या जामीनदारांपुरता. त्यामुळे तुमच्या-माझ्यासारख्यांचं दिवाळं निघतं ते वाजतगाजत नाही. ते रिपोर्टमधल्या एका शब्दात निघतं आणि काचेच्या केबिनमध्ये कुणीतरी तो मोठ्यानं वाचून दाखवतं.

टपरीवरच्या त्या संध्याकाळी तो शेवटी म्हणाला, ‘घरी सांगून टाक. लपवण्यात तुझी जास्त एनर्जी जातेय.’

घरी सांगायचं म्हणजे बाबांना. आणि माझे बाबा म्हणजे तीस वर्षं पतसंस्थेत क्लार्क! थकबाकीदारांना नोटिसा लिहिण्यात ज्यांची हयात गेली त्यांची मुलगी थकबाकीदार. पुढच्या रविवारी वाईला गेले. जेवणं झाली, आई आत भांडी आवरत होती. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. बाबांनी सुपारी कातरायची थांबवली. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘मग उरलेले कधी देणार?’

‘उरलेले? बाबा, ते बँकेनं सोडलेत.’

‘त्यांनी सोडलेत. तू घेतले होतेस ना?’

रागच आला मला. चाळीस-बेचाळीस टक्के व्याज लावणाऱ्यांची बाजू घेताय? बाबा शांतपणे म्हणाले, ‘बाजू नाही घेत. ज्याच्याकडे खरंच नाही त्यानं तडजोड करावी, मी स्वतः शेकडो करून दिल्यात. त्यात पाप नाही. पण तुला आता मिळतंय आणि तुला पत परत हवीय. मग पत जिथे सोडलीस तिथूनच आणावी लागेल.’

सातारा रोडवर एसटीत बसून मी त्या वाक्यावर चिडत होते. कात्रज येईपर्यंत पटलं होतं.

मग सुरू झालं माझं ‘मिशन सिबिल’. आधी रिपोर्ट मागवला. देशात चार ब्युरो आहेत, सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. २०१७ पासून प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आपला आपण बघितला तर स्कोअर कमी होत नाही. कमी होतो तो लोनसाठी दहा ठिकाणी अर्ज टाकत सुटल्यावर, आणि मी आधी घाबरून नेमकं तेच केलं होतं! ‘आठ दिवसांत स्कोअर वाढवून देतो’ म्हणणारा एक भाऊही भेटला, फी नऊ हजार. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही, चुकीची नोंद फुकट दुरुस्त होते, हे मला तोवर कळलं होतं. त्याला राम राम केला.

पण नवा स्कोअर घडवायला नवं कर्ज हवं, आणि कर्ज मिळायला स्कोअर हवा. ही तर लग्नाशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना अशी गत! यातून वाट काढून दिली ती एफडीवर मिळणाऱ्या क्रेडिट कार्डानं. तुम्ही बँकेत एफडी करायची, बँक ती तारण ठेवते आणि तिच्या साधारण ऐंशी-नव्वद टक्के लिमिटचं कार्ड देते. तुमचा इतिहास कसाही असला तरी बँकेला फारशी धास्ती नसते. एफडीवर व्याज चालू राहतं आणि कार्डाची परतफेड ब्युरोकडे नोंदली जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी वीस हजारांची एफडी केली आणि अठरा हजारांची लिमिट मिळाली. एके काळची ऐंशी हजारवाली मी!

कार्ड हातात आलं तेव्हा भीती वाटली. दारू सोडलेल्या माणसाच्या हातात कुणी ग्लास द्यावा तसं. बाबांना फोन केला. ते म्हणाले, ‘आपलं वाण्याकडचं खातं आठव.’ आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात लाल वही असायची. साखर, शेंगदाणे, साबण लिहून ठेवायचे आणि एक तारखेला पगार झाला की बाबा घरी यायच्या आधी तिकडे जायचे. वहीत कधी ‘मागील बाकी’ लिहिली गेली नाही. जे पगारातून आणलंच असतं तेवढंच वहीत जायचं.

मी तेच केलं. कार्डावर फक्त मोबाइलचं बिल, विजेचं बिल आणि महिन्याचं किराणा सामान. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं म्हणतात. माझ्यासाठी ती रेघ पाच हजार चारशेवर होती. पूर्ण बिलासाठी ऑटो-पे लावला, तरी बिल आलं की मी स्वतः आधीच भरून टाकायचे. हॉटेल नाही, सेल नाही, ‘नो कॉस्ट ईएमआय’ नाही. दर महिन्याला तेच, इतकं कंटाळवाणं की त्यावर लेख होऊ शकत नाही.

स्कोअर हळूहळू हलला. ६१८चा ६४०, मग काही महिने ढिम्म, मग ६७५. डिसेंबरमध्ये लग्न झालं, साधंच, रजिस्टर. दरम्यान मी अनुवादाची, सबटायटल्सची, ब्रोशरची, मिळेल ती कामं घेत सहासष्ट हजार साठवत होते. तोच बँकेनं सोडलेला आकडा. जून २०२५ मध्ये त्या जुन्या बँकेला लिहिलं, की मला उरलेली रक्कम भरायची आहे. पलीकडच्या बाईंनी दोनदा विचारलं, ‘नक्की भरायचीय?’ भरली. ना-हरकत पत्र घेतलं. तरी रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ तसंच! तक्रार टाकली. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये तक्रारदाराला द्यायचे, असा नियम २०२४ पासून आहे. शंभर रुपये मिळाले नाहीत, कारण चोविसाव्या दिवशी काम झालं.

क्लोज्ड.

तेव्हाचे उशिराचे हप्ते जुन्या रकान्यांत राहिले, ते काही पुसले गेले नाहीत. राहू देत. झालंच होतं ते. मी स्क्रीनशॉट काढून बाबांना पाठवला. दोन निळ्या टिक आल्या आणि उत्तर आलं एक अंगठा. बस! आईनं मात्र नंतर सांगितलं, की त्या दिवशी स्वारीनं तो फोटो सुपारीच्या अड्ड्यावर तिघांना दाखवला. म्हणजे जे लपवायला मी तीन वर्षं मरत होते, ते बाबांनीच गावभर केलं!

दिवाळीनंतर आम्ही दोघं पुन्हा त्याच केबिनमध्ये गेलो. मुलगा वेगळा होता, टाय तसाच. स्कोअर ७५८. रावेतचा फ्लॅट केव्हाच गेला होता, आता पुनावळेत थोडा लहान आणि थोडा महाग मिळाला. तो फरक म्हणजे माझ्या २०१९ची किंमत. नवऱ्यानं त्याबद्दल अजून एकदाही टोमणा मारलेला नाही. पण बिलाची तारीख जवळ आली की चहा पिताना सहज विचारतो, ‘भरलं?’ पूर्वी असतं तर मी चिडले असते. आता ‘भरलं’ म्हणताना बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात मेसेज आला, की तुमच्या उत्तम परतफेडीमुळे तुम्हाला दीड लाखांचं प्री-अप्रूव्हड कार्ड देत आहोत. मी तो डिलीट केला आणि किराण्याचं बिल भरलं. दोन हजार तीनशे चाळीस रुपये.

परवा मावशीचा फोन होता. म्हणाली, ‘झालीस बाई एकदाची सेटल!’ म्हटलं, मावशी, तो शब्द सोडून काहीही म्हण.