सिस्टरांनी विचारलं म्हणून

दुर्ग शहरातल्या मोहन नगरातल्या आमच्या घरात हृदयाच्या आजारांबद्दल जे थोडंफार शहाणपण आलं, ते सिस्टरांमुळे. त्या मूळच्या केरळच्या. उभी नोकरी भिलाई पोलाद कारखान्याच्या सेक्टर नऊच्या इस्पितळात केली आणि निवृत्तीनंतर आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आल्या. गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना सिस्टरच म्हणायची. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून इथेही सिस्टरच म्हणते.

त्यांचं देणं सांगायचं तर आधी १९८० सालाकडे जावं लागतं. त्या वर्षी १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं. कर्नाटकापासून ओरिसापर्यंतच्या पट्ट्यात खग्रास, आमच्याकडे खंडग्रास. आईला सातवा महिना होता. आजीने तिला दारं-खिडक्या लावून आतल्या खोलीत बसवलं होतं आणि सुरी-विळीला हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. मी तेव्हा सहा वर्षांची, तापाने फणफणलेली. माझं रडणं ऐकवेना म्हणून आई उठली, लिंबू चिरलं आणि मला सरबत करून दिलं.

मे महिन्यात भाऊ झाला. रडला की त्याचे ओठ आणि नखं निळी पडायची. पुढे चालायला लागला, आमच्या मागे धावायला लागला. धावता धावता मधेच थांबायचा आणि दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन उकिडवा बसायचा. थोड्या वेळाने उठून पुन्हा खेळायला यायचा. आम्हा मुलांना ती त्याची लकब वाटायची. कधी कधी तो बसला की आम्हीही त्याच्याभोवती तसेच बसायचो.

बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कारखान्यातली नोकरी नव्हती, त्यामुळे कारखान्याच्या इस्पितळाचा हक्कही नव्हता. एका डॉक्टरांनी ‘दिल में छेद’ असल्याचं सांगितलं. मुंबईला किंवा वेल्लोरला न्या म्हणाले. मुंबईला जाणारी हावडा मेल दुर्ग स्टेशनात रोज थांबायची. तिकिटाचे पैसे एक वेळ उभे राहिले असते, पुढचे कुठून आणायचे याला बाबांकडे उत्तर नव्हतं. चौथं वर्ष पुरं व्हायच्या आत भाऊ गेला.

आजी म्हणाली, ग्रहणात चिरलं, त्याचं फळ. आई उलटून बोलली नाही. तिचाही त्यावर विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर मोठी होईपर्यंत माझाही होता. त्या लिंबाचं कारण मी होते, हेही मनात कुठेतरी असायचं. पुढे घरात लिंबू चिरायची वेळ आली की आई मला हाक मारायची.

भाऊ गेल्यानंतर तीस वर्षांनी माझ्या थोरल्या भावाला, दादाला, दुसरी मुलगी झाली. सिस्टर बाळाला बघायला आल्या, तेव्हा वहिनी तिला पाजत होती. सिस्टर बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. मग एकेक विचारू लागल्या. “दूध पीते-पीते रुकती है क्या?” थांबते. कपाळावर घाम येतो का? येतो, आम्ही म्हणायचो गरमी आहे. वजन किती वाढलं? सर्दी झाली की छाती भरते का? त्यांनी बाळाच्या छातीवर तळहात ठेवला, मग माझा हात धरून त्याच जागी ठेवला. आत काहीतरी थरथरत होतं. “कल इको करवाओ,” त्या म्हणाल्या. आवाजात घबराट नव्हती, पण परवावर ढकलायची सवडही नव्हती.

इकोत निघालं की हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे. त्या रात्री सिस्टरांनी आमच्या ओसरीवर वहीच्या पानावर चित्र काढून समजावलं. डाव्या कप्प्यात दाब जास्त, म्हणून शुद्ध रक्त भोकातून उजवीकडे ढकललं जातं आणि फुप्फुसांत नको तेवढं रक्त साचतं. अशा बाळाला दूध ओढणं म्हणजे चढ चढण्यासारखं. लहान भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठं भोक तसंच राहिलं तर काही वर्षांत फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कडक होतात, रक्ताचा प्रवाह उलटा फिरतो आणि मग ते भोक बुजवून उपयोग नसतो. उपचार आहे, पण त्याची वेळ निघून जाते, ही गोष्ट मला त्या रात्री पहिल्यांदा समजली. आमच्या घरात तोवर ‘कशामुळे झालं’ याचाच विचार झाला होता, ‘कधीपर्यंत करता येईल’ हे कोणी विचारलंच नव्हतं.

जायचं कुठे, हेही त्यांनीच सांगितलं. छत्तीसगढ सरकारची बाल हृदय सुरक्षा योजना २००८ पासून होती. अंगणवाड्या-शाळांत मुलं तपासणारी ‘चिरायु’ची पथकं फिरू लागली होती. ज्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ही पथकं येतात, त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरला झाली, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. आणि नव्या रायपुरात २०१२ साली श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय उघडलं होतं, जे पुढे मुलांच्या हृदयासाठीच वाहिलेलं झालं. तिथे पैसे भरायची खिडकीच नाही. दादाचा त्यावर विश्वास बसेना. बाबांच्या वेळची सगळी अडचण त्या एका खिडकीपाशी होती. पुढे त्याच संस्थेने हरियाणात पलवलला आणि नवी मुंबईत खारघरलाही अशी रुग्णालयं काढली. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना मी खारघरचं नाव आवर्जून सांगते.

नंबर लागेपर्यंतचे दिवस अवघड होते. सिस्टर रोज येत, बाळाचे श्वास मोजत, वहिनीला थोडं थोडं पण वरचेवर पाजायला सांगत. मग शस्त्रक्रिया झाली. हृदयाचं काम काही वेळ यंत्राकडे देऊन भोकावर ठिगळ शिवलं. भाची घरी आली आणि पुढच्या महिन्यांत अंगाने भरली.

पण मी ज्या ऋणाबद्दल लिहायला बसले, ते याच्याही पलीकडचं आहे.

बाळ घरी आल्यावर वहिनीच्या माहेरी ‘कुणामुळे झालं’ अशी कुजबुज सुरू झाली, आमच्याकडेही झाली. सिस्टर एका दुपारी आईजवळ बसल्या आणि म्हणाल्या, घरात आधी कुणाला असं होतं का? आईने भावाचं सांगितलं. निळे ओठ, उकिडवं बसणं. मग खाली मान घालून ग्रहणाचं आणि लिंबाचंही सांगितलं. माझ्या माहितीत तिने ते बाहेरच्या कुणाला प्रथमच सांगितलं.

सिस्टर समजुतीचं काही बोलल्या नाहीत. त्यांनी महिने विचारले. बाळ कधी झालं, ग्रहण कितव्या महिन्यात होतं. मग बोटांवर मोजून आईला म्हणाल्या, मुलाचं हृदय गर्भात आठ आठवड्यांत घडून जातं. तुमच्या मुलाचं हृदय दिवाळीच्या आसपासच घडून झालं होतं. ग्रहण त्यानंतर चार महिन्यांनी आलं.

आईने पुन्हा महिने मोजायला लावले. सिस्टरांनी पुन्हा मोजले. मग आई म्हणाली, “मग कशाने झालं?”

सिस्टरांनी तेव्हा एखादं सोपं कारण आईच्या हाती दिलं असतं तरी तिने ते घेतलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. सुरुवातीच्या महिन्यांत आईला रुबेला झाला, मधुमेह असला, काही विशिष्ट औषधं पोटात गेली, गुणसूत्रांत काही फरक असला तर असं होऊ शकतं, म्हणाल्या. पण पुष्कळ वेळा डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. जन्मणाऱ्या हजार मुलांत आठ-नऊ जणांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. आई-बाप किंवा भावंडाला असेल तर शक्यता थोडी वाढते, साधारण शंभरात दोन ते चार. म्हणून घरात पुढे कुणाला दिवस गेले की अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान गर्भाचा इको करून घ्यायचा. एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते पुष्कळ आहे.

दुसऱ्या दिवशी आई वहिनीला म्हणाली, “तुला कुणी बोल लावला तर मला सांग. मी बघते.” ऐंशीच्या सालात आईला हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं.

भावाच्या वर्णनावरून सिस्टरांना वाटलं, तो ‘टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो’ असावा. त्यात पडद्याला भोक असतंच, शिवाय फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते, म्हणून प्राणवायू न मिळालेलं रक्त अंगभर फिरतं. उकिडवं बसलं की पायांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडचा दाब वाढतो आणि थोडं जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. चार वर्षांच्या आतल्या पोराला हा उपाय त्याच्या शरीराने शिकवला होता. हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी वाचत गेले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४४ ला अशा निळ्या बाळावर पहिली शस्त्रक्रिया झाली. कल्पना हेलन टॉसिग या डॉक्टरबाईंची, हात आल्फ्रेड ब्लेलॉक यांचे. आणि प्रयोगशाळेत ती बसवली विवियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने, ज्याच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती आणि ज्याला श्रेय मिळायला फार वर्षं लागली. टॉसिगना ऐकू कमी यायचं, म्हणून त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून हृदय समजून घ्यायच्या. ते वाचताना माझ्या हाताखालची ती थरथर आठवली. माझा भाऊ जन्मला त्याच्या पस्तीस वर्षं आधी हे झालं होतं.

सिस्टरांचा आणखी एक प्रश्न असायचा: घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? शेजारच्या गल्लीत एका घरी बाप आणि काका दोघेही चाळिशीच्या आत गेले होते. लोक म्हणत, त्या घराला आयुष्य नाही. सिस्टरांनी त्या घरातल्या मुलांना रायपूरच्या मेकाहारा या सरकारी रुग्णालयात पाठवलं. एकाच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला निघाला. हा आजार खरोखरच पिढीतून पिढीत उतरतो. आई-बापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्यालाही तो असू शकतो, म्हणून सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांचा ईसीजी आणि इको करावा लागतो, आणि एकदा नीट आला तरी काही वर्षांनी पुन्हा. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की हृदयस्नायूच्या एका जनुकातली पंचवीस अक्षरं गळालेली असणं हे सुमारे चार टक्के भारतीयांत आढळतं. तो बदल असलेला प्रत्येक जण आजारी पडतो असं नाही. शेजारच्या गल्लीतला तो मुलगा आता औषधं घेतो, कबड्डी सोडली आहे, आणि दुकान सांभाळतो.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. चिरायुचं पथक वर्षातून एकदा येतं; मधल्या काळात मैदानावर लवकर दमणारं, खेळ सोडून खाली बसणारं मूल दिसलं तर मी त्याच्या घरी जाते. सिस्टरांचेच प्रश्न विचारते. बहुतेक वेळा काही निघत नाही. घरचे चिडतात, कधी चहा देतात.

सिस्टर आता केरळात त्यांच्या भावाकडे असतात. भाची सातवीत गेली. दर काही दिवसांनी त्यांचा फोन येतो आणि पहिली चौकशी तिच्या दातांची असते. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोहोचू शकतात, म्हणून ज्याचं हृदय शिवलं आहे त्याने दातांना जपायचं असतं. भाची फोन घेते, रात्रीही ब्रश केल्याचं सांगते. सिस्टर म्हणतात, आत्याला दे, तिला विचारते.